सांग, मी बरी आहे

सासूबाईंना ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्यापासून काही लपवणं महाकठीण. ऐन तारुण्यात त्या कापडगिरणीत लागल्या आणि शेकडो मागांच्या खडखडाटात कान गमावून बसल्या. त्या खात्यात कुणाचा आवाज कुणाला पोचत नसे, म्हणून बायका आवाजाच्या भानगडीतच पडत नसत. नुसते ओठ हलवायच्या, चांगले ताणून. सोयरिकी तिथंच जमायच्या, उखाळ्यापाखाळ्याही तिथंच निघायच्या. गिरणी केव्हाच बंद पडली, पण विद्या राहिली. रस्त्यापलीकडच्या नवराबायकोचं काय बिनसलंय ते सासूबाई खिडकीत उभ्या राहून सांगत, आणि त्यात सहसा चूक होत नसे.

समोरच्या इमारतीत, बरोबर त्यांच्याच मजल्याएवढ्या उंचीवर, त्यांची गिरणीतली मैत्रीण राहायची. तीही ठार बहिरी. सगळे तिला टकळी म्हणत, कारण तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. रस्ता अरुंद. दोघी आपापल्या खिडकीतून तासन्‌तास बोलत बसायच्या आणि खालून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. सून स्वयंपाकघरात आली की सासूबाई हळूच तोंडावर पदर घ्यायच्या. म्हणजे विषय कोणता, ते सुनेला बरोबर कळायचं.

सासूसुनेचं काही विळ्याभोपळ्याचं सख्य नव्हतं, आणि अगदी गळ्यात गळाही नव्हता. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षाचा बराच काळ पाण्यावर. भांडण सोडवायला घरात तिसरं माणूस नाही म्हटल्यावर भांडणंही बेताचीच व्हायची. सुनेलाही हळूहळू ओठ वाचता यायला लागले होते. सासूबाईंएवढे नाही, पण घर चालण्यापुरते.

मग ती साथ आली. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर होती आणि दुकान बंद ठेवायची सोय नव्हती. दिवसभर माणसं समोर येऊन खोकायची. ती घरी यायची ती थेट न्हाणीत, कपडे भिजत घालायची, आणि घरातही मास्क काढायची नाही. डॉक्टरांनी फार पूर्वीच बजावलं होतं, यांच्या छातीची गिरणीतल्या कापसानं धूळधाण केलीय, यांना साधी सर्दीही होऊ देऊ नका. ते वाक्य सुनेच्या डोक्यातून हलत नव्हतं. हा आजार घरात शिरला तर तो तिच्याच पावलांनी शिरणार होता, आणि सासूबाई त्यातून उठणार नव्हत्या.

पण मास्क लागला आणि सासूबाई त्या दिवशी खऱ्या बहिऱ्या झाल्या. सुनेच्या नाकाकडे, डोळ्यांकडे बघत राहायच्या आणि शेवटी वैतागायच्या. "दरोडेखोरासारखं तोंड बांधून काय फिरतेस घरात? माझ्याशी बोलायचं नाही, असं सरळ सांग की!"

आणि एवढं सगळं करून व्हायचं ते झालंच. सुनेला कणकण आली, अंग ठेचून काढल्यासारखं दुखायला लागलं, तपासणीचा निकाल मोबाईलवर आला. त्या क्षणी तिनं निजायच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि पलंगावर बसून रडली. स्वतःसाठी नाही. निकाल यायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला होता, आणि तिनं तो लगेच झटकला नव्हता.

आता बोलायचं कसं? तिनं दाराखालून चिठ्ठी सरकवली. सासूबाईंना अक्षरं जुळवत वाचता यायचं, पण चिठ्ठी तशीच परत आली आणि मागून आवाज, "मी काय शाळेत आहे?" मोबाईलवर तोंड दाखवून पाहिलं, तर म्हणाल्या, यात माणसाचे ओठ माशासारखे हलतात. दार किलकिलं करायचं तर मास्क हवा, आणि मास्क असला की सगळं मुसळ केरात.

शेवटी वाट निघाली ती रस्त्यापलीकडून. सुनेच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची खिडकी एकाच भिंतीत, शेजारीशेजारी. दोघी एकमेकींना दिसत नव्हत्या, पण टकळीमावशींना दोघी दिसायच्या. सून मास्क काढून खिडकीत उभी राहिली आणि मोठे मोठे ओठ हलवत म्हणाली, "मावशी, आईंना सांगा, मी बरी आहे. दारापाशी थांबून बोलू नका म्हणावं."

मावशींनी मान वळवली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत निरोप दिला, थोडं थांबल्या, आणि पुन्हा इकडे वळल्या. "ती म्हणते, मीसुद्धा बरी आहे. अंडं उकडून दाराशी ठेवते, ते टाकायचं नाही. आणि नखरे करायचे नाहीत." यातलं शेवटचं नक्की मावशींच्या पदरचं होतं.

मग तो परिपाठच झाला. दिवस उजाडला की सून खिडकी धरून उभी राहायची. ताप हटत नव्हता, जिभेची चव आणि नाकाचा वास कुठल्या कुठे गेले होते, पण निरोप तोच. सांगा, मी बरी आहे. पलीकडूनही तोच यायचा. एकदा मात्र मावशी जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "ती विचारते, तुला भीती वाटते का?"

इतक्या वर्षांत सासूबाईंनी असलं काही विचारलं नव्हतं. "नाही म्हणावं," सून म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.

एका दुपारी दाराबाहेरच्या ताटातला भात तळाशी काळा ठिक्कर होता. सुनेनं तो तसाच खाल्ला, तिला सगळं सारखंच. सासूबाईंची नजर अधू व्हायला लागली वाटतं, हे सगळं निस्तरलं की चष्मा बदलून आणू, असं तिच्या मनात आलं. पण हीच बाई दूध उतू जायच्या आत दोन खोल्यांपलीकडून धावत यायची. कान गेल्यावर नाकानं तेही काम अंगावर घेतलं होतं. तिच्यासमोर अख्खा भात करपला, तो नजरेमुळे? दुकानात वास गेलेल्या गिऱ्हाइकांना ही सून काउंटरवरूनच ओळखायची, सरळ तपासणीला धाडायची. आपल्या घरात मात्र तिला काही दिसलं नाही. करपल्याचा वास दोघींपैकी एकीलाही आला नव्हता.

पुढे एकदा ती नेहमीपेक्षा लवकर उठून खिडकीपाशी आली. मावशींचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून बोलत होत्या, भराभरा, हात नाचवत. सून सहज वाचू लागली.

"आधी बस खाली. बस म्हणते ना! किती धाप लागलीय तुला… मागावरचं बोलणं मागावरच राहायचं, ठाऊक आहे मला. गिरणीत कधी कुणाचं कुणाला सांगितलंय मी? पण आता नाही राहवत. तिला सांगते मी…"

सुनेनं खिडकीच्या गजांवर हात आपटले. ते कुणाला ऐकू जाणार? तिनं टॉवेल बाहेर काढून हलवला. मावशींनी वळून पाहिलं. सुनेचा चेहरा दिसला, आणि त्यांचं तोंड मिटलं.

सुनेनं कडी काढली. सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या, एक हात वर खिडकीच्या चौकटीला धरलेला. श्वास घेताना खांदे उडत होते. तिला बघताच त्यांनी दुसऱ्या हातानं खूण केली, आत जा.

सुनेनं मास्क घातलाच नव्हता. ती त्यांच्यासमोर बसली. "कधीपासून, आई?"

"तुझ्या मागोमागच."

"आणि मला रोज सांगताय, बरी आहे म्हणून?"

"तू तरी कुठे खरं बोलत होतीस?" सासूबाई थांबत थांबत म्हणाल्या. "टकळी थाप मारते तेव्हा डावा डोळा बारीक करते. गिरणीपासूनची खोड आहे. तुझा निरोप सांगताना रोज करायची."

"मग बोलायचं नाही का! वेळेवर दवाखान्यात…"

"तिथं सगळ्यांची तोंडं बांधलेली," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत सुनेनं कधी न पाहिलेली भीती होती. "मला काय होतंय, काय करतायत, मला कोण सांगणार गं?"

"मी सांगेन," सून म्हणाली. "मलाही तेच झालंय ना. मला कोण अडवणार?"

दोघींना एकाच गाडीतून नेलं. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच होतं सगळं. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं ये-जा करत होती, आणि सासूबाई एकेका चेहऱ्यावर तोंड शोधत होत्या. सून स्वतःची खाट सोडून त्यांच्या खाटेशी बसली, मास्क हनुवटीवर ओढून. नर्स खेकसली, "मास्क वर घ्या आधी!"

"त्यांना डोळ्यांनी ऐकू येतं हो," सून म्हणाली.

मग पुढचं जे सांगायचं होतं ते नर्सनं सुनेला सांगितलं, आणि सुनेनं ओठांनी सासूबाईंना. आता सुई टोचणार आहेत. आता पालथं झोपवणार आहेत. आता नळी बदलणार आहेत. आपल्याला हा आजार झाला ते बरंच झालं, असं सुनेला पहिल्यांदाच वाटलं, आणि लगेच आठवलं की तो घरात कुणी आणला.

ते तिनं एकदा बोलूनही टाकलं. "आई, माझ्यामुळे झालं हे."

सासूबाईंच्या तोंडावर तेव्हा ऑक्सिजनचा पारदर्शक मास्क होता. श्वासागणिक तो आतून धुरकट व्हायचा आणि पुन्हा निवळायचा. निवळला की तेवढ्यात ओठ वाचायचे.

"कपाळाला हात… मीच लावला होता," ओठ म्हणाले. मास्क धुरकटला, निवळला. "टकळीला सांग, मी बरी आहे."

त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. बोटीवर फोन लागला तेव्हा मुलगा ढसाढसा रडला आणि मधेच आवाज तुटला. सुनेला आणखी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं.

घरात शिरल्यावर तिनं पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. तशीच आपल्या खोलीच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. समोर टकळीमावशी होत्याच. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

"आई गेल्या, मावशी." सुनेचे ओठ थरथरत होते, म्हणून तिनं तेच पुन्हा एकदा, नीट सांगितलं. "तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणाल्या, टकळीला सांग, मी बरी आहे."

इतक्या दिवसांच्या सवयीनं मावशींनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "खोटारडे!"

आणि उत्तराची वाट बघत तशाच तिकडे बघत उभ्या राहिल्या.

सून खोलीतून बाहेर आली, स्वयंपाकघरात गेली आणि त्या खिडकीत जाऊन उभी राहिली.