फरशीचा काही दोष नाही

माणूस कसा पडला, हे पडलेल्या माणसापेक्षा तिला जास्त कळायचं. तोच तिचा व्यवसाय होता. कोणी शिडीवरून पडो, जिन्यावरून पडो, की चालत्या बसमधून. हाड कुठं मोडलं, खरचटलं कुठल्या बाजूला, एवढ्यावरून ती सगळा प्रसंग उलटा उलगडायची. शिकली होती यंत्रांचं. मग शरीर हेही यंत्रच की, असं म्हणत इकडे वळली. कोर्टातले वकील तिला पाठीमागे ‘पडझडबाई’ म्हणत. प्रयोगशाळेत ती माणसाच्या वजनाचे पुतळे उंचावरून पाडायची, आणि सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “आमची सून बाहुल्या पाडते. पण नोकरी चांगली आहे हो!”

एका सोमवारी संध्याकाळी ती घरी आली, तर सासरे डाव्या हाताला प्लास्टर घालून सोफ्यावर बसलेले.

“बाथरूममध्ये घसरलो,” तिनं विचारायच्या आधीच ते म्हणाले.

“हो, बाथरूममध्येच,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

तिला काही शोधायचं नव्हतं, पण सवयीचे डोळे ऐकतात होय! सासऱ्यांच्या उजव्या पोटरीला आतल्या बाजूनं बारीक खपल्यांची रांग होती, पट्टीनं आखल्यासारखी, अर्ध्या-अर्ध्या इंचावर. प्लास्टर नसलेल्या हाताच्या तळव्यात बारीक खडी रुतल्याच्या खुणा. बाथरूममध्ये खडी कुठून येणार? आणि सासूबाई कमरेवर हात ठेवून चालत होत्या.

चपला काढेपर्यंत तिला सगळं समजलं. पण घर म्हणजे काही कोर्ट नव्हे. ती चहा ठेवायला गेली.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तिचा नवरा पडला डास चावला तर भिंत पाडणारा. त्यानं शनिवारी फरशीवाल्यालाच बोलावून घेतलं.

“साहेब, मुद्दाम खडबडीत फरशी घातलीय,” फरशीवाला म्हणाला. “ओली असली तरी पाय धरून ठेवते.”

“मग बाबा काय हवेत घसरले?” नवरा बायकोकडे वळला. “तूच सांग आता. तुझं यंत्र आण.”

यंत्र म्हणजे बुटाचा तळ लावलेला एक जड ठोकळा आणि तो ओढायचा ताणकाटा. तिनं फरशी ओली केली, वर साबण ओतला, आणि ठोकळा तीनदा ओढून पाहिला. फरशीवाला फडक्याला हात पुसत उभा होता. हात कधीच कोरडे झाले होते, तरी पुसत होता. दारात सासरे.

“फरशी उत्तम आहे,” ती म्हणाली. “कोर्टात विचारलं तरी हेच सांगेन.”

“मग तुझं मोजण्यात काहीतरी चुकलं,” नवरा म्हणाला. “अहो, तुम्ही उद्यापासून हे सगळं उखडा आणि नवीन घालून द्या. तुमच्याच खर्चानं.”

फरशीवाल्यानं खाली वाकून पिशवी उचलली. त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आधीच सासरे खाकरले.

“थांबा हो. तुमच्या फरशीनं माझं काही वाकडं केलेलं नाही. मी सायकलवरून पडलो.”

“सायकल? बाबा, तुम्हाला सायकल येते कुठं?”

“येत नाही म्हणूनच पडलो ना!”

मग सगळं बाहेर आलं. लहानपणी घरात सायकल नव्हती, आणि मोठेपणी शिकायची लाज वाटली. सासूबाई मात्र कॉलेजला सायकलवरून जायच्या. आता सासऱ्यांच्या एकोणसत्तराव्या वर्षी सासूबाईंनीच त्यांना शिकवायचं मनावर घेतलं होतं. बंद पडलेल्या सिनेमागृहामागच्या मैदानात रोज सकाळी हे सीटवर आणि त्या मागून सीट धरून धावतायत.

“सोमवारी मला नेमकी शिंक आली,” सासूबाई म्हणाल्या. “हात सुटला. हे गेले, आणि माझी कंबरही गेली.”

“तिला कोणी बोलू नये, म्हणून मी बाथरूमचं नाव पुढं केलं,” सासरे पुटपुटले.

पहिला हसला तो फरशीवाला. नवरा उपड्या बादलीवर बसला आणि बायकोकडे बघू लागला. “तुला माहीत होतं!”

“चेनच्या चक्राचे दात पोटरीवर उमटलेत,” ती म्हणाली. “पण तू मला फरशीचं विचारलंस.”

नवऱ्यानं फरशीवाल्याची माफी मागितली, अगदी हात जोडून, आणि चहा घेतल्याशिवाय त्याला सोडलं नाही. मग निकाल दिला, “सायकल आजपासून बंद.”

“बंद कशाला?” ती म्हणाली. आवाज कोर्टातला होता; घरानं तो कधी ऐकला नव्हता. “बाबांना पडायला शिकवलं की झालं. मी शिकवते.”

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पंधरा वर्षं ती पोचायची ती सगळं होऊन गेल्यावर, मोडलेल्या हाडांचे फोटो घेऊन. पडायच्या आधी कोणी तिला बोलावलंच नव्हतं.

प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी होकार दिला, तशा हॉलमध्ये गाद्या पसरल्या गेल्या. आधी बसल्या-बसल्या, मग गुडघ्यांवरून. “हात पुढं टेकायचा नाही, बाबा. छातीशी घ्या. हनुवटी आत. खांद्यावरून लोळायचं.” सासूबाईही हसत-हसत लोळल्या. नवरा आठवडाभर कुरकुरत सोफा सरकवत होता. एके दिवशी हळूच म्हणाला, “हनुवटी किती आत?”

पावणेतीन महिन्यांनी सासऱ्यांनी मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्यानं पार केलं. वळताना मात्र हॅण्डल डगमगलं आणि ते गवतात आडवे झाले. सासूबाई ओरडल्या, नवरा धावला. सासरे उठून बसले, कपडे झटकले, आणि सगळ्यांमधून सुनेकडे बघत त्यांनी विचारलं, “कसा पडलो?”

“झकास!” ती म्हणाली.