देवाचा नारळ आणि दुसरा गिअर

मित्रांनो, मी गोरेगावची एक जुनी जीप आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतःसाठी वापरला तर चालतो, पण दुसऱ्या कुणी वापरला की मला राग येतो. माझा मूळचा रंग कोणता होता, यावर गावात आता दोन मतं आहेत. डावं दार जरा उचलून लावावं लागतं. पावसाळ्यात वायपर कुरकुरतात. पण माझे ब्रेक कसे लागतात ते पाहायला या, म्हणजे 'जुनं ते सोनं' लोक उगाच म्हणत नाहीत हे तुम्हाला पटेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या ठोकाठोकीचं मला फारसं आठवत नाही. जाड पत्रा, भक्कम लोखंडी सांगाडा, आणि 'ही खेड्यात जाणार बरं का' असं कुणीतरी म्हणालेलं, एवढंच आठवतं. तेव्हा मी हिरमुसले होते. मला शहरात मिरवायची हौस होती. पण गोरेगावच्या माणिकरावांनी मला विकत घेऊन गावात आणलं आणि माझा रुसवा पळाला. माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटला झेंडूचा हार घातला, माझ्यापुढे नारळ फोडला. अर्धा गाव माझ्याभोवती जमला होता. शहरात इतका मान मला कुणी दिला असता? त्या दिवसापासून नारळ म्हटलं की माझी छाती फुगते. पुढे एका नारळानेच माझी सत्त्वपरीक्षा पाहिली, ते सांगणारच आहे.

गोरेगाव ते सेनगाव, कधी हिंगोली, बाजाराच्या दिवशी आजूबाजूची खेडी, असा माझा रोजचा फेरा असे. मी कॉलेजची पोरं नेली, आजारी माणसं दवाखान्यात पोचवली, नव्या नवऱ्या सासरी नेल्या आणि त्याच पुढे लेकरं घेऊन माहेरी आणल्या. बाकीच्या जीपांच्या टपावर माणसं बसत, मागच्या शिडीला लोंबकळत. माणिकराव मात्र बसायला जागा होती तेवढीच माणसं घ्यायचे. कुणी फारच गळ घातली तर म्हणायचे, "पुढच्या खेपीला ये बाबा. तुला न्यायचं हाय, पोचवायचं बी हाय."

लोक त्यांची थट्टा करत. "माणिकरावाची जीप म्हंजे बैलगाडी!" मला वाईट वाटत नसे. त्या बैलगाडीतून उतरणारं प्रत्येक माणूस आपल्या पायांनी घरी जात होतं.

माणिकरावांचा सगळ्यात मोठा हट्ट उताराचा. आमच्याकडे माळावरून खाली उतरताना बरेच जण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात. गाडी सुसाट पळते, वारा लागतो, ड्रायव्हरला वाटतं आपण मोठे हुशार. मित्रांनो, गाडी गिअरमध्ये असली की इंजिन चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रल केली की तो हात सुटतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक दाबून दाबून तापतात, जळका वास सुटतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. म्हणून माणिकराव उताराच्या तोंडाशीच गिअर खाली घेत. "ज्या गेरात चढली, त्याच गेरात उतरायची," हे त्यांचं वाक्य माझ्या पत्र्यात मुरलं आहे.

सोयाबीनच्या दिवसांत लोक अर्धा रस्ता अडवून दाणे वाळत घालतात. त्या दाण्यांवर एकदम ब्रेक मारला की चाकं घसरलीच म्हणून समजा. माणिकराव लांबूनच वेग कमी करत आणि अलगद निघून जात. दाणे पसरणाऱ्यांना चार शब्द सुनवायलाही विसरत नसत.

पुढे त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली. ऑपरेशन झालं, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. एका संध्याकाळी त्यांनी माझी किल्ली काढून भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि म्हणाले, "दिसत न्हाई तर चालवायची न्हाई." त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

मी अंगणात उभी राहिले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. मी माणिकराव आणि त्यांचे धाकटे भाऊ जळबा यांच्या समाईक मालकीची. जळबांनी मला भंगारात काढायचं ठरवलं. तेव्हा माणिकरावांची मुलगी प्रतिक्षा पुढे आली. ती माझ्याच सीटवर खेळत वाढलेली. वडिलांकडून गाडी शिकली होती आणि तिच्याकडे पक्कं लायसन होतं.

"काका, मी चालवते की," ती म्हणाली.

"पोरीच्या गाडीत बसंल कोन?" जळबा म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी स्टँडवर उभी राहायची आणि माणसं मला वळसा घालून दुसऱ्या जीपकडे जायची. प्रतिक्षा दोन-चार बायका घेऊन निघायची, पण माणिकरावांचा एकही नियम तिने सोडला नाही.

शेवटी जळबांनी सांगून टाकलं, "आमच्या पुनमच्या लग्नाला गाडी लागनार हाय. वऱ्हाड साखऱ्याला नीट नेलं तर गाडी ठेवू. न्हाईतर लग्नानंतर इकून मोकळं व्हऊ." पुनम म्हणजे जळबांचीच लेक. तिला साखऱ्याला, सासरच्या मांडवात मीच नेणार होते, आणि माझं पुढचं आयुष्य त्या एका फेरीवर ठरणार होतं. लग्नाच्या दिवशी प्रतिक्षाने मला धुतलं, ब्रेक ऑइल पाहिलं, चाकांची हवा तपासली. मी नवरीपेक्षा कमी नटले नव्हते.

निघायच्या वेळी जळबांनी लोखंडी कपाट आणायला सांगितलं. "टाका वर टपावर!"

"काका, कपाट टेम्पोत जाऊ द्या," प्रतिक्षा म्हणाली. "वर वजन पडलं की वळनावर गाडी कलती."

"माझ्या लेकीचं लग्न, अन् तू मला शिकवून राहिली?"

"लेक आत बसनार हाय म्हनूनच सांगून राहिले."

ओट्यावर बसलेले माणिकराव एवढंच म्हणाले, "जळबा, डायवर ती हाय." कपाट टेम्पोत गेलं. माझ्या टपावर फक्त गाद्या चढल्या, त्याही दोरीने आवळून. जळबांचं तोंड मात्र वाकडं झालं ते झालंच.

आता नारळाचं सांगते. आमच्या या घराची एक रीत आहे. वऱ्हाड निघताना गावच्या मारुतीला एक नारळ फोडतात आणि दुसरा सोबत घेतात, तो लग्नाच्या गावच्या मारुतीपुढे फोडायचा. तोवर तो भुईला टेकवायचा नाही. हा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे प्रतिक्षाच्या आत्याचा, चतुराबाईंचा. त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या, नारळ पदरात धरून. प्रतिक्षाने तो मागे पिशवीत ठेवायला मागितला, तर त्या फणकारल्या, "देवाचा नारळ काय भाजी हाय पिशवीत कोंबायला?"

थोडं पुढे गेल्यावर त्यांचा हात अवघडला. प्रतिक्षा आरशात मागचा टेम्पो पाहत होती, तेवढ्यात आत्यांनी तो नारळ हळूच माझ्या डॅशबोर्डवर, देवाच्या फोटोपुढे ठेवला. देवाचं देवाजवळ! मी पाहिलं, पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त भोंगा आहे आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

साखऱ्याच्या अलीकडे एक लांब उतार लागतो. मध्ये वळण, आणि तळाशी एकच गाडी मावेल एवढा अरुंद पूल. उताराच्या तोंडाशी प्रतिक्षाने वेग कमी केला आणि दुसरा गिअर टाकला. मी घुमत घुमत सावकाश उतरू लागले.

मागून जळबा कुरकुरले, "मुहूर्त टळंल पोरी. सोड की जरा."

"उतार संपू द्या काका."

वळण आलं. मी जराशी कलले आणि नारळ डॅशबोर्डवरून घरंगळला. आत्याबाई "अगं बया" म्हणेपर्यंत तो खाली पडून थेट ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसला. त्याच वेळी समोरून कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुलावर चढली.

प्रतिक्षाने ब्रेक दाबला. पाय खाली जाईना. तिचा जोर मला रोज चाकांपर्यंत जाणवतो, तो आज आलाच नाही. माझ्या पोटात पुनम बसली होती, हळदीच्या अंगाची, हातभर हिरवा चुडा घातलेली. मित्रांनो, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

"आत्या, धरून बसा. ब्रेक लागंना," प्रतिक्षा म्हणाली. तिने वाकून नारळ शोधला नाही. रस्त्यावरची नजर काढली नाही. एका हाताने हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेली, मधून मधून भोंगा दाबत राहिली. आणि मी? मी दुसऱ्या गिअरमध्ये होते ना! माझ्या म्हाताऱ्या इंजिनाने चाकांना जे धरून ठेवलं ते सोडलं नाही. न्यूट्रलवर असते तर त्या पुलावर काय झालं असतं, ते मला आजही बोलवत नाही. टपावर कपाट असतं तर वळणावरच आडवी झाले असते.

रस्त्याच्या डाव्या अंगाला भुसभुशीत मातीचा बांध होता. प्रतिक्षाने मला हळूच त्यात घातलं. पुढचं चाक मातीत रुतलं, इंजिनाने एक आचका दिला आणि मी थांबले. ट्रॉली शेजारून निघून गेली. कुणाला साधं खरचटलंही नाही. माझ्या बंपरला एक पोचा आला, तो मी आजवर दागिन्यासारखा मिरवते.

प्रतिक्षाने खाली उतरून चाकांना दगड लावले. मग वाकून नारळ बाहेर काढला आणि सगळ्यांपुढे धरला. चतुराबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "माय, म्याच ठेवला गं तिथं. देवाजवळ म्हनून ठेवला, अन् तुज्या पायात आला."

"तुमी मुद्दाम थोडीच ठेवला आत्या," प्रतिक्षा म्हणाली. "पन पुन्यांदा न्हाई ठेवायचा."

टेम्पोतली माणसं धावत आली. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "जळबा, आता दुसऱ्या कुनाला चालवू द्या. पोरगी घाबरली."

जळबांनी खिडकीतून आपल्या लेकीकडे पाहिलं. मग प्रतिक्षाकडे पाहिलं. "न्हाई. सोड सोड म्हनून म्याच घाई करून राहिलतो. तीच चालवंल. अन् तिला वाटंल तशी चालवंल."

मला मागे ढकलून रस्त्यावर आणलं. प्रतिक्षा पाणी प्यायली, तिने ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहिला, आणि दुसऱ्याच गिअरमध्ये आम्ही उरलेला उतार उतरलो. मुहूर्त टळला नाही. साखऱ्याच्या मारुतीपुढे वाजंत्री उभी होती. चतुराबाई नारळ घेऊन उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि मागे फिरल्या. "मारुतीला दुकानातून दुसरा आना. हा नारळ हिचा," असं म्हणत त्यांनी तो माझ्या पोचा आलेल्या बंपरपुढे फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा प्रतिक्षाच्या हातावर ठेवला. वाजंत्री माझ्यासाठी वाजत नव्हती हे मला ठाऊक आहे. पण मला ती माझ्यासाठीच वाटली.

भंगाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आता स्टँडवर लोक मला वळसा घालत नाहीत, माझ्या फेरीची वाट पाहतात. बैलगाडी आली म्हणून हसतात आणि हसत हसत बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, तर तिच्यात जागेपुरतीच माणसं बसवा. जड सामान खाली ठेवा, सुटं काही पुढे ठेवू नका. उतारावर ड्रायव्हरला घाई करायला लावू नका. आमच्यापुढे नारळ जरूर फोडा, आम्हाला तो मान फार आवडतो. पण आत न्यायचा असेल तर पिशवीत घाला आणि पिशवी मागे ठेवा. देव तिथेही असतो.

चतुराबाई अजून माझ्यात बसतात. आधी त्या काठी आत घालतात, ड्रायव्हरच्या पायाखालून फिरवून पाहतात, आणि मगच पदर सावरून वर चढतात.

"पायापाशी काई न्हाई," त्या म्हणतात. "चाल माय, घे दुसऱ्या गेरात."

स्टँड सपाट आहे, तिथे पहिला गिअर लागतो. प्रतिक्षा हसते, "व्हय आत्या" म्हणते आणि पहिला टाकते.