पाटी गेलेली पाकोळी

मी एक जुनी फ्रेंच मोटार आहे, आणि अस्सल आहे. अस्सल असल्याचे मला वेगळे सांगावे लागते, यातच माझी सगळी कर्मकहाणी आली.

मित्रांनो, माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पॅरिसच्या वेशीवर झाला. त्या काळी आमच्यासारख्या बड्या गाड्या दुकानातून आयत्या मिळत नसत. एका कारखान्यातून इंजीन, चाके आणि नुसता सांगाडा घ्यायचा आणि अंग दुसऱ्या कारागिरांकडून घडवून घ्यायचे. त्या कारागिरांनी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यांनी ठोकत ठोकत मला लांबसडक नाक आणि निमुळती पाठ दिली. मी उभी असले तरी पळते आहे असे बघणाऱ्याला वाटे. माझ्यासारख्या मोजक्याच घडल्या. माझ्या सांगाड्यावर एक पितळी पाटी बसवली होती, तिच्यावर माझा क्रमांक कोरला होता. आमच्या जगात ती पाटी म्हणजेच नाव आणि कूळ. पाटी ज्या गाडीवर, ती गाडी खरी.

आर्मांदबाईंनी मला घेतले. बाई मला चालवत, आणि माझे दुखणेखुपणे त्यांचा मेकॅनिक फिर्मँ बघे. 'पाकोळी' हे नाव मला बाईंनीच दिले. उन्हाळ्यात समुद्रकाठी गाड्यांची सौंदर्यस्पर्धा भरे, आणि तिथे गाडीच्या रंगाचाच झगा घालून उतरायची रीत होती. बाईंनी तर कुत्र्यालाही निळा पट्टा बांधला. आम्हाला पहिले बक्षीस मिळाले! लोक माझ्याभोवती गोळा झाले, फोटो निघाले. फिर्मँ मात्र पुसायचे फडके घेऊन दोरीच्या पलीकडे उभा होता, कारण मेकॅनिकला दोरीच्या आत यायची मुभा नव्हती. त्याचे तोंड उतरलेले मला दिसले. मला वाटले, विसरेल चार दिवसांत.

मग युद्ध आले. जर्मन फौजा दिसेल ती गाडी उचलून नेत होत्या. बाई दक्षिणेकडे निघाल्या आणि जाताना त्यांनी मला फिर्मँच्या नावे करून दिले. त्याने मला नॉर्मंडीतल्या आपल्या गावी आणले, पडवीत उभे केले आणि माझ्याभोवती छतापर्यंत सरपण रचले. आमच्या गावात सरपणाची रास ही घरधन्याची अब्रू. रास वाकडी दिसली तर शेजारीपाजारी नावे ठेवतात. फिर्मँची रास इतकी सरळ होती की लोक कौतुक करून जात. पण तिच्यातले लाकूड उपसले असते तर मी उघडी पडले असते. त्यामुळे हिवाळ्यात ही दोघे नवराबायको कुंपणाच्या ओल्या फांद्या जाळत. त्याची बायको बेर्त चूल फुंकून फुंकून रडकुंडीला येई.

"अहो, दोन लाकडं काढा की! त्या भवानीला गोधडी आणि मला हुडहुडी?"

"काढली तर ती दिसेल."

"दिसू दे. तुमचं लग्न नक्की कुणाशी झालंय?"

"तुझ्याशीच. तिच्याशी झालं असतं तर घरात एवढी बडबड नसती."

बेर्तने पळी फेकून मारली. मग दोघेही पोट धरून हसली, आणि मला आत लाकडांत ऊब आल्यासारखे वाटले.

एकदा सैनिक सरपण मागत दारात आले. "रास अजून ओली आहे," असे म्हणून फिर्मँ घरात गेला आणि बेर्तचे कपाट कुऱ्हाडीने फोडून त्याने त्यांच्या पुढ्यात टाकले. आमच्याकडे मुलगी सासरी येते ती असे कोरीव कपाट घेऊनच. बेर्त भिंतीला टेकून उभी होती. सैनिक गेल्यावर तिने मागे उरलेल्या ढलप्या झाडून गोळा केल्या. त्या दिवसापासून मी फिर्मँला देव मानू लागले. माणसाला देव मानू नये, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

युद्ध संपले. आर्मांदबाई परत आल्या नाहीत, त्या तिकडेच वारल्या. मी गावातल्या नवऱ्या मुलींना चर्चला पोचवू लागले. पुढे सरकारने मोठ्या इंजिनांवर जबर कर बसवला आणि माझे चाक थांबले. माझ्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. तरी मी कुरकुरले नाही. रविवारी जेवण झाले की फिर्मँ यायचा, मला पुसायचा, गावच्या चार भानगडी सांगायचा. मला तेवढे पुरत होते.

वर्षे गेली, आणि माझ्या पिढीच्या गाड्यांना एकाएकी सोन्याचे दिवस आले. विन्यो नावाचे एक संग्राहक हिंडत हिंडत आमच्या गावी पोचले. त्यांनी मला मागितले. फिर्मँने साफ नकार दिला. ते पुन्हा आले, पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेला सफरचंदाच्या दारूचा पेला हातात घेऊन फिर्मँनेच त्यांना ती दोरीची गोष्ट सांगितली. विन्यो साहेबांनी लगेच खुर्ची पुढे ओढली.

"गाडी राहू द्या हो तुमच्याकडेच. नुसती पाटी द्या. तिच्याभोवती मी नवीकोरी गाडी घडवून घेतो. आणि स्पर्धेत तुम्ही माझ्या शेजारी उभे राहायचं. व्यासपीठावर!"

दुसऱ्या दिवशी फिर्मँ स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"नुसती पाटीच आहे गं, पाकोळे," तो पुटपुटला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

मला सगळे कळत होते. तो मेकॅनिक होता, त्यालाही सगळे कळत होते.

ती नवी गाडी स्पर्धेत पहिली आली. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. त्यात फिर्मँ नव्या कोटात, छाती काढून उभा होता. त्याने तो बेर्तला दाखवला.

"तुम्ही छान दिसताय," ती म्हणाली. "पण शेजारची ती कोण? हिला मी ओळखत नाही."

एवढ्यावरही मी आशा सोडली नव्हती. आणि एके दिवशी नोएमी नावाची तरुणी गावात आली. जुन्या गाड्या पारखणे हा तिचा व्यवसाय होता. तिने माझ्या पत्र्यावरच्या हातोड्याच्या खुणा बोटांनी चाचपल्या, पाटीच्या जागची रिकामी भोके पाहिली, आणि फिर्मँला अगदी अदबीने विचारले,

"आजोबा, मला वाटतं खरी गाडी हीच आहे. पण पाटी नाही, दुसरा पुरावा नाही. हिला नवी असल्यापासून ओळखणारे आता तुम्हीच उरलात. तुम्ही 'हो' म्हणालात तर बास. ही तीच ना?"

मित्रांनो, एका शब्दाचे काम होते. तो शब्द उच्चारला असता तर त्याला व्यासपीठावरून उतरावे लागले असते, एवढेच. फिर्मँने माझ्याकडे पाहिले, मग बुटांकडे पाहिले.

"छे! ही मी भंगारातून जोडलेली. बक्षीस मिळालं ना, ती खरी."

नोएमीने त्या रिकाम्या भोकांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. मग 'नक्कल' असा शेरा मारून निघून गेली.

ती गेल्यावर फिर्मँ पडवीत आला आणि माझ्या नाकावर हात ठेवून उभा राहिला.

"रागावलीस?" त्याने विचारले.

"तिला काय विचारता?" बेर्त दारातून कडाडली. "बोलायचं होतं ते तुम्ही!"

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, त्या पुसा, झाकून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. जिला तुम्ही जपलेत, तिच्याबद्दल कुणी विचारले तर खरे सांगा. मला वैऱ्यांपासून फिर्मँने वाचवले. फिर्मँपासून वाचवायला मात्र कुणी नव्हते.