नेटपलीकडची

हिमानी निगुडकर राहायला आली तेव्हा त्या सोसायटीत माणसांपेक्षा लिफ्टच जास्त होत्या. लखनौबाहेर चिनहट मागे टाकून फैजाबाद रोडने आणखी थोडं पुढे गेलं की मोहरीच्या शेतांमधून ते उंच टॉवर एकदम अंगावर येत. हिमानीचे बाबा, श्रीपाद निगुडकर, औषध-संशोधन संस्थेतून निवृत्त झाले आणि त्यांनी तिथे फ्लॅट घेतला. मूळचे वाईचे, पण उभा जन्म लखनौत गेल्यावर परत जायची भाषा त्यांनी कधीच सोडून दिली होती. २०१३ची दिवाळी झाली आणि बाबा, आई आणि हिमानी सामान घेऊन तिथे आले.

गंमत अशी की फ्लॅट सगळे विकले गेलेले होते. हिमानी गोमतीनगरात एका गृहकर्ज कंपनीत अॅनालिस्ट होती, तिला हे पक्कं माहीत होतं. कोणी कानपूरच्या व्यापाऱ्याने घेतलेले, कोणी दुबईतल्या इंजिनिअरने. राहायला मात्र कोणी येत नव्हतं. संध्याकाळी बाल्कनीतून समोर पाहिलं की खिडक्यांच्या काळ्याशार रांगा, आणि मध्येच कुठेतरी एखादा दिवा.

रविवारी ती ब्लॉग लिहायची. बजेट, क्रिकेटपटूंचे लिलाव, वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती, येणार येणार म्हणून गाजणारी मेट्रो, जे मनात येईल ते. वाचणारे कॉलेजातलेच मित्रमैत्रिणी. तिने या सोसायटीवरही लिहिलं होतं: 'आपल्याकडे घर नसलेली माणसं आहेत आणि माणसं नसलेली घरंही. ही घरं राहण्यासाठी नाहीतच. ती भाव वाढेपर्यंत धरून ठेवायची. मग तोवर तिथे राहतं कोण?' खाली प्रणव नावाच्या मित्राने विचारलं होतं, 'भुतांना होम लोन देता का तुम्ही?' ती हसली होती.

जानेवारीत धुकं उतरलं. लखनौचं धुकं ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. दुपारी तीन वाजता समोरचा टॉवर पुसून टाकल्यासारखा नाहीसा होई. अशाच एका रविवारी हिमानी बाल्कनीत कपडे चाचपत होती, वाळले का म्हणून, आणि खाली सोसायटीच्या क्लबहाउसमधून आवाज आला. टक्. जरा वेळाने पुन्हा टक्.

तो कसला आवाज आहे हे तिला कोणी सांगायला नको होतं. बारावीपर्यंत ती बॅडमिंटन खेळली होती, राज्याच्या ज्युनिअर शिबिरासाठी तिचं नावही निघालं होतं. नेमकी तेव्हाच बोर्डाची परीक्षा आली. कोणी जबरदस्ती केली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "विचार कर." निगुडकरांच्या घरात 'विचार कर' म्हणजे काय, हे तिला कळत होतं. रॅकेट माळ्यावर गेली.

ती खाली गेली. गेटवर रामसुमेर नावाचा गार्ड शेकोटीशी बसला होता.

"भैया, क्लबहाउस में कौन खेल रहा है?"

"कोई नहीं, दीदी. ताला पड़ा है. चाबी तो हमारे पास है."

चावी घेऊन ती गेली. कुलपात चावी फिरवेपर्यंत आतून आवाज येत होता. दार उघडलं आणि तो थांबला. आतल्या बॅडमिंटन कोर्टावर गारठा भरलेला. तिने बटणं दाबली तर अलीकडचे दिवे लागले, पलीकडचे लागलेच नाहीत. नेट बांधलेलं होतं. फरशीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल नाही. पाइपचा आवाज असेल, जनरेटरचा असेल, असं मनाशी म्हणत ती वळली, तेवढ्यात पाठीमागे, नेटच्या पलीकडे, टक्.

मग शांतता. मग बुटांच्या तळव्यांचा चर्रकन आवाज, आणि पुन्हा टक्.

हिमानी धावत घरी आली. आईला काही बोलली नाही. काय सांगणार? पण रात्रभर भीतीपेक्षा तिला एक गोष्ट जास्त छळत राहिली. त्या दोन आवाजांमधली शांतता बरोबर तेवढीच होती, जेवढा वेळ शटलला अलीकडे येऊन परत जायला लागतो. पलीकडे कोणीतरी खेळत होतं. अलीकडे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आल्यावर तिने माळ्यावरून रॅकेट काढली. आईने विचारलं, "हे काय आता?"

"बस यूँ ही, आई. थोड़ा एक्सरसाइज़."

कोर्टात जाऊन ती अलीकडच्या बाजूला उभी राहिली. पलीकडून टक् झालं तशी तिने रॅकेटचा हात, म्हणजे डावा, उचलला आणि रिकाम्या हवेत रॅकेट फिरवली. मनगटाला झटका बसला. रॅकेटची जाळी खणखणली. शटल कुठेच नव्हतं, तरी मारलेला फटका तिला खांद्यापर्यंत जाणवला, आणि पलीकडचे बूट तो घ्यायला मागे धावले.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. दिवसभर कंपनीत लोकांची कर्जं तपासताना तिचं लक्ष घड्याळाकडे असे. विचित्र म्हणजे भीती ओसरली. पलीकडची चांगली खेळायची. हो, पलीकडची, पावलांच्या वजनावरून बाईमाणूस आहे हे हिमानीला समजलं होतं, आणि फटका ज्या कोनातून येई त्यावरून डावखुरी. नेटजवळच्या ड्रॉपवर हिमानी फसायची तिथे ती फसत नसे. लांब रॅली झाली तरी तिला दम लागत नसे. वर्षानुवर्षं, एक दिवसही न चुकता खेळलेल्या माणसाचा खेळ होता तो.

हिमानीचा चेहरा उजळला. चालीत पूर्वीचा ताठपणा आला. ब्लॉग मात्र बंद पडला. एका रविवारी ती लिहायला बसली आणि तिला जगाबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. बाबा खूश होते. "व्यायामाने बघ कशी तरतरी आली," असं ते आईला म्हणत. मुलगी घरात असूनही घरात नाही, हे आईच्या, वसुधाताईंच्या, मात्र लक्षात आलं होतं.

फेब्रुवारी लागला होता. एका संध्याकाळी पुन्हा दाट धुकं पडलं, हिमानी फोन उचलेना, म्हणून वसुधाताई शाल गुंडाळून स्वतःच खाली उतरल्या. क्लबहाउसचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं, क्षणभर आत पाहिलं आणि हाक मारली, "हिमानी!"

हिमानी घामाने डबडबली होती. ती मागे वळली तर आई चौकटीला धरून उभी, चेहरा पांढराफटक. तिने पुढे येऊन लेकीचं मनगट घट्ट पकडलं आणि तिला घरी आणलं. स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली बसवून ती तिचा चेहरा न्याहाळत राहिली.

"समोर खेळत होती ती मुलगी कोण?" आईने विचारलं.

"कौन लड़की? मैं तो अकेली थी."

"खोटं बोलू नकोस. अंधारात होती, तोंड दिसलं नाही. पण तुझ्याएवढीच होती. वेणी होती तिला, तू शाळेत घालायचीस तशी."

हिमानीला स्वतःला तिथे कधीच काही दिसलं नव्हतं.

"मी हाक मारली," आई म्हणाली, "तेव्हा तुझ्याआधी ती वळली. तिने ओ दिली मला. 'आले गं आई' म्हणाली."

"वो मैंने बोला होगा. मैंने कहा, आ रही हूँ."

"ते नंतर, हिमानी. तू मला मराठीत ओ देऊन किती वर्षं झाली?"

मग हिमानीने नेटच्या एकाच बाजूने येणाऱ्या त्या आवाजाबद्दल सांगून टाकलं. बाबांनी हे सगळं उडवून लावलं. धुक्यात माणसाला काहीही दिसतं, वर बाईचं मन, असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. पण आईने जेवण सोडलं आणि दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून इंदिरानगरात भाड्याची जागा बघायला सांगितली. हिमानीने विरोध केला नाही. तिने परत कोर्टावर पाऊल टाकलं नाही, कारण आई तिला एकटीला लिफ्टपर्यंतसुद्धा जाऊ देत नव्हती. होळीच्या आधी निगुडकरांचा फ्लॅट कुलूपबंद झाला आणि विकलेल्या पण रिकाम्या घरांत आणखी एकाची भर पडली.

राहिलेलं सामान आणायला बाबा एकदा एकटेच गेले. रात्री ते परतले. जेवताना त्यांनी दोनदा पाणी मागितलं. शेवटी आईनेच विचारलं, "क्लबहाउसकडे गेला होतात ना?"

"बाहेरूनच," बाबा म्हणाले. "कुलूप आहे. रामसुमेर सांगत होता, दिवाळीपासून फक्त आपल्या हिमानीनेच ते उघडलंय."

"आणि?"

बाबांनी हिमानीकडे पाहिलं नाही. ताटात बोट फिरवत ते म्हणाले, "आवाज येतोय. पण ही म्हणाली होती, एका बाजूने येतो. तसं नाही. आता दोन्हीकडून येतोय."

आईने डोळे मिटून घेतले. हिमानीला घाबरायला हवं होतं, पण आला तो राग. अलीकडच्या बाजूला, तिने इतके दिवस घाम गाळलेल्या जागेवर, कोणीतरी तिच्याशिवाय खेळत होतं आणि बहुधा छान खेळत होतं.

ताट तसंच ठेवून ती उठली. आई लगेच तिच्या मागोमाग गेली आणि दार अडवून उभी राहिली.