हा वाटा कोणाचा?

मी डोंगा बोलतोय, एका खोडाची होडी. राजुऱ्याकडच्या एका तलावाचा. तलाव आता उरला नाही, मी मात्र उरलोय.

वादळात पडलेलं मोहाचं खोड कोरून मनसारामनं मला घडवलं. तो कोरायचा आणि त्याची बायको गोकुळा शेजारी बसून टोकायची, "डावी बाजू जाड ठेवून राह्यला तू." त्यानं ऐकलं नाही. म्हणून मी जन्मभर डावीकडे कललेला.

आमच्या ढिवरांच्या वस्तीत मासळी वाटायची एक रीत होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, घरटी एक ढीग लावायचा. एकानं ढिगांकडे पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. कोणता ढीग मोठा हे त्याला दिसायचं नाही, म्हणून भांडण नव्हतं. एका पावसाळ्यात मनसाराम माझ्यावरून पाण्यात पडला आणि बुडाला. तरी त्याच्या नावाचा वेगळा ढीग लागत राहिला. मेलेल्याचा वाटा बंद करायची अक्कल आमच्यापाशी नव्हती.

पुढे कोळशाची खाण वाढत पाळीपर्यंत आली. कंपनीला तलाव हवा होता. तेव्हा सगळी वस्ती माझ्याभोवती गोल बसली आणि तिथूनच ती चळवळ सुरू झाली. तिला अध्यक्ष नव्हता, झेंडा नव्हता. कोणी कोणाला हुकूम सोडायचा नाही, एकाला जरी पटलं नाही तरी काम थांबवायचं. तलावाला मालक नाही, मग तो विकणार कोण, एवढंच त्यांचं म्हणणं. ट्रकांच्या रस्त्यात त्यांनी चुली मांडल्या. अडवलेल्या ड्रायव्हरलाही मासळीचा वाटा मिळायचा.

गोकुळाची मुलगी दीपाली चंद्रपूरला कॉलेजात होती. ती म्हणाली, "माय, याले पुस्तकात अराजकवाद म्हणतेत."

"म्हणू दे बापा," गोकुळा म्हणाली, "आपण वाटा म्हणू."

मला फार अभिमान वाटायचा त्या दिवसांत.

एकदा कंपनीचे साहेब आले. पाळीवर खुर्च्या मांडल्या, एक रिकामी ठेवली. "तुमचा पुढारी कोण? त्याच्याशीच बोलू."

"पुढारी नाई आमचा," वस्तीतले म्हातारे लटारूभाऊ म्हणाले.

"एक नाव तर द्या!"

गोकुळाला चेव आला. ती खुर्चीकडे पाठ करून बसली. लटारूभाऊंनी हसत खुर्चीवर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"मनसारामचा!"

सगळे पोट धरून हसले. साहेबांनी नाव लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी जीपवरच्या भोंग्यातून आवाज आला, "तुमचे पुढारी मनसाराम यांनी तलाव द्यायला अंगठा दिला आहे."

गोकुळा जीपपुढे धावली. "अवो, तो मरून गेला! याच तलावात मेला!"

"नाव तुम्हीच दिलं होतं ना, बाई?"

मेलेल्या माणसाचा अंगठा कोणाचा होता, हे आजही मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून पाळीवर कोणी कोणाकडे पाठ करून बसलं नाही. नाव गोकुळानं घेतलं, म्हणजे तिनंच विकलं असेल, अशी कुजबुज सुरू झाली. लटारूभाऊही तिच्याशी बोलेनासे झाले. तिनं विकलं नाही हो! मी तिला ओळखतो. पण डोंग्याची साक्ष कोण घेणार?

पाळ फोडली, पाणी गेलं. लोक पांगले. मी भेगाळलेल्या चिखलात पडून आहे. वाऱ्याची झुळूकही नसताना कधीकधी माझं मागचं टोक दबतं, नेमकं मनसाराम बसायचा तिथे. मला भीती वाटते. तो काही विचारायला आला असेल, तर मी काय सांगू?

गोकुळा मात्र रोज संध्याकाळी येते. मासळी नाही, म्हणून चिखलाची ढेकळं रचते. घरटी एक ढीग, एक मनसारामचा. मग पाठ करून बसते आणि वाट पाहते. अंधार पडला की उठून जाते.

बाबांनो, कधी या वाटेनं आलात तर मला सरपणाला न्या, माझी तक्रार नाही. फक्त आधी त्या ढिगांपाशी वाका, एकावर बोट ठेवा आणि मोठ्यानं विचारा, "हा कोणाचा?"

तिला सगळ्यांची नावं अजून पाठ आहेत.