सोन्याची पाळी

धुळ्याच्या घराची वाटणी झाली तेव्हा निंबा आणि सुकदेव या सख्ख्या भावांनी झारे-उलथनीसुद्धा वाटून घेतली. अडलं ते आईच्या माशापाशी. सोन्या नावाचा तो वीतभर गोल्डफिश धुरपदाबाईंनी हातानं खाऊ घालून वाढवला होता, आणि त्या गेल्यावर त्याच्यावरचा हक्क सोडायला कुणीच तयार नव्हतं. मासा काही मधून कापता येत नाही. शेवटी सोनगीरच्या शेतातल्या विहिरीला जो नियम, तोच काचेच्या टाकीला लावला. आठ दिवस याची पाळी, आठ दिवस त्याची. टाकी मधल्या खोलीत, आणि ताबा दर रविवारी सकाळी बदलायचा.

वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. पण माशाशी बोलायला बंदी थोडीच होती! ताबा आला की निंबा आधी फिल्टर उघडायचा, आतला स्पंज नाकाशी धरायचा आणि धाकट्याच्या दाराकडे तोंड करून ओरडायचा, "आठ दिन गटारमा ठेवं रे सोन्या तुले!" मग नळाच्या धारेखाली तो स्पंज नवाकोरा दिसेपर्यंत घासायचा. पुढच्या रविवारी सुकदेव तेच करायचा, वर ब्रशही मारायचा. या चढाओढीत पाणी असं नितळ झालं की येणारे-जाणारे थबकून बघायचे.

सोन्या मात्र फिका पडत चालला. पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करायचा, घातलेलं खाणं तसंच सोडायचा. ते बघून निंबा टाकीपाशीच घुटमळत राहायचा. आईच्या हातचं असं एवढंच काय ते जिवंत उरलं होतं. माशाच्या या हालांचं खापर तो अर्थातच सुकदेववर फोडायचा.

अशात तो लेकीकडे जळगावला गेला. जावयाच्या, पियुषच्या घरीही टाकी होती. पियुषनं टाकीतलंच गढूळ पाणी बादलीत काढलं होतं आणि त्यात फिल्टरचा स्पंज हलकेच पिळत होता.

"हे कसलं धुणं, जावईबापू?" निंबा हसला.

"असंच धुवायचं असतं, मामा. या चिकट थरात चांगले जंतू असतात, माशाच्या घाणीचं विष तेच संपवतात. नळाच्या औषधाच्या पाण्यानं ते मरतात. मग पाणी दिसतं स्वच्छ, पण मासा विषात पोहत राहतो."

निंबाचं हसू विरलं. एसटीत बसल्यावर त्याला आपलेच हात बघवेनात.

पुढच्या आपल्या पाळीत त्यानं नळाला हात लावला नाही. स्पंज टाकीतल्या पाण्यातच पिळला, थोडं पाणी औषध उडून गेलेल्या शिळ्या पाण्यानं बदललं. पाणी जरा गढूळलं खरं, पण सोन्या खाऊ लागला. आता एकच वाक्य बोलायचं होतं: स्पंज नळाखाली धुऊ नको. पण आधी बोलायचं म्हणजे हरायचं, आणि सुकदेवपुढे हरणं निंबाला मरणाहून वाईट वाटत होतं. अशी ही माणसं!

रविवारी सुकदेवनं स्पंज बाहेर काढला आणि झेंडा मिरवावा तसा बायकोपुढे धरला. "देख वं सारिका, हाई शे मोठा भाऊनी सफाई! बठ्ठा चिखलच चिखल!"

सारिका तोंडाला पदर लावून हसली. निंबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठावर आलेलं वाक्य त्यानं गिळून टाकलं. घास म्हणावं, चांगला घास! मासा याच्या पाळीत मेला की आईचा सोन्या कुणी मारला ते अख्ख्या गल्लीला कळेल. असा विचार आपण करू शकतो याची त्याला किळस आली, तरी तो दारातून हलला नाही. सुकदेव नळाखाली ब्रश मारत राहिला.

गुरुवारी सोन्या आडवा होऊन वर तरंगला. पलीकडच्या भिंतीचा टवका दिसावा इतकं पाणी स्वच्छ होतं. सुकदेव टाकीसमोर फरशीवर बसला होता. निंबा आत आला आणि वाटणीनंतर पहिल्यांदा भावाशी बोलला.

"नळना पानीनी मरना तो. माले माहीत व्हतं."

सुकदेवनं मान वर केली नाही. "माले बी. पियुषनी दिवाळीलेच सांगं व्हतं."

"मंग धुवं कसाले?"

"तू बी धुवत व्हता. माले वाटनं, तुन्ही पाळीमा मरी."

निंबाला रागवायला तोंडच उरलं नव्हतं. त्यानं बाही वर केली आणि सोन्याला बाहेर काढायला हात पाण्याकडे नेला. सुकदेवनं त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याचे डोळे भरले होते.

"हात लावू नको," तो म्हणाला. "रविवार लगून पाळी मन्ही शे."

निंबानं हात मागे घेतला.