हजारावी जागा

मी एक धागा बोलतोय. सुताचा नव्हे, सुईत ओवायचाही नव्हे. इंटरनेटवरच्या एका जुन्या जपानी फलकावर, लोणच्यांच्या विभागात, माझा मुक्काम आहे. राखाडी पान, काळी अक्षरं आणि चित्र औषधालाही नाही. कुणी काही विचारलं की आमच्याकडे धागा निघतो. मीही तसाच निघालो, ऑगस्टच्या ऐन उकाड्यात.

आमच्या फलकावर कुणाला नाव नसतं. नावाची चौकट रिकामी सोडली की फलक आपणहून एक नाव चिकटवतो, आणि लोणच्यांच्या विभागात ते नाव आहे 'निनावी मुळा'. डॉक्टर असो, ट्रक चालवणारा असो, इथे आला की मुळा. एक मुळा विचारतो, दुसरा मुळा त्याला अक्कल शिकवतो आणि तिसरा मुळा दुसऱ्याची अक्कल काढतो. असा आमचा संसार.

माझ्यावरची पहिली नोंद अशी होती:

"सासूबाई पाय मोडून हॉस्पिटलात आहेत. जाताना कोंड्याचं मडकं माझ्यावर सोपवून गेल्या. त्यांच्या आईनं लग्नात दिलेलं आहे, इथे कोकुरात तसा रिवाज आहे. हॉस्पिटल आणि घर करता करता मी तीन आठवडे त्यात हातच घातला नाही. आज झाकण काढलं तर वर काळीपांढरी बुरशी आणि नेलपॉलिशसारखा वास. सासूबाई रोज विचारतात, 'ढवळलंस ना?' मी रोज 'हो' म्हणते. शरदात त्या घरी येणार. मडकं मेलं का हो?"

मडकं म्हणजे तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी कालवून केलेला ओला गोळा. त्यात संध्याकाळी काकडी नाहीतर वांगं पुरायचं आणि सकाळी धुऊन जेवणाला घ्यायचं. रोज तळापासून हातानं ढवळलं तर तो कोंडा माणसांच्या पिढ्या पाहतो. नाही ढवळला, तर उन्हाळ्यात त्याची माती व्हायला वेळ लागत नाही.

उत्तरं लगेच आली.

"मेलं. आता माहेरची गाडी बघ."

"तीन आठवडे? बाई, हाताला मेंदी लावून बसली होतीस का?"

"नवीन दिसतेस. आधी सहा महिने गुपचूप वाच, मग तोंड उघड."

घाबरू नका, आमच्याकडे पाहुण्याचं स्वागत असंच होतं. आधी चार शिव्या, मग पाण्याचा पेला. पाणी घेऊन आला तो खिळा. एवढ्या मुळ्यांत नावाची चौकट भरणारा हा एकटाच. वांग्याचा जांभळा रंग टिकावा म्हणून कोंड्यात लोखंडी खिळा पुरा, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, म्हणून खिळा.

"काळं दिसतंय तेवढं चार बोटं खोल खरवड आणि फेक," त्यानं लिहिलं. "मग मधला कोंडा हुंग. आंबट वास आला तर जीव आहे. जा, हुंग आणि येऊन सांग. विचारून पळून जाणारे मला अजिबात आवडत नाहीत."

ती गेली आणि आली. "मधे आंबट वास आहे. मला रडूच आलं."

"मडक्यावर रडू नकोस, मीठ जास्त होईल."

धागा काढणाऱ्याला आमच्याकडे त्याच्या नोंदीच्या आकड्यानं हाक मारतात. त्यामुळे ती झाली 'एक नंबर'. बिचारीला वाटलं लोक कौतुक करतायत. तिनं दोनदा आभारही मानले.

पुढचे दिवस माझे मोठ्या मजेत गेले. एक नंबर रोज येऊन मडक्याची तब्येत सांगायची आणि मुळे औषध सांगायचे. नवा कोंडा घाल. मोहरीची पूड घाल. कोबीची बाहेरची पानं पूर आणि फेकून दे, चुकूनही खाऊ नकोस. अंड्याचं कवच घालावं की नाही यावर तर अशी जुंपली, की एक नंबर दोन दिवस मधे तोंडच घालू शकली नाही. एक गृहस्थ तिघांच्या आवाजात भांडायचे. स्वतःच मत मांडायचे, दुसरा मुळा होऊन "अगदी बरोबर" म्हणायचे आणि तिसरा होऊन टाळ्या वाजवायचे. मला सगळं दिसत होतं, पण धाग्यानं बोलायचं नसतं. कुणी स्वल्पविराम, कंस आणि रेघांचं मांजर काढलं, तर दुसऱ्यानं त्याच्यापुढे मासा टाकला. मी अंगावर जागा आहे म्हणून सगळं मिरवत होतो.

जागेचं गणित मला उशिरा कळलं. आमच्या फलकावर धाग्याला हजार नोंदी मिळतात. हजारावी झाली की धागा वाचनमात्र, मग त्यावर कुणालाही काही लिहिता येत नाही. दुसरीकडे, कुणी लिहिलंच नाही तर धागा खाली खाली जातो आणि नवे धागे त्याला तळातून बाहेर ढकलतात. तो गेला की कुणालाच सापडत नाही. म्हणजे मला जगवायचं तर लिहायला हवं, आणि प्रत्येक लिहिण्यानं माझं आयुष्य एका नोंदीनं कमी होणार. एका प्रश्नाला दुसरा धागा काढायची तर सोयच नाही. फलकाचा रखवालदार भलता कडक, दिसला की पुसून टाकतो.

सप्टेंबरात एक नंबरनं लिहिलं, "वास सुधारलाय. काल काकडी पुरली, नवऱ्याला चवीत फरक कळला नाही. सासूबाई महिनाअखेरी, पितरांच्या आठवड्यात घरी येणार. आल्या की पहिला हात मडक्यातच घालतील. काय म्हणाल्या ते सांगते. सांगितल्याशिवाय हा धागा सोडणार नाही."

पितरांचा आठवडा आला आणि गेला. एक नंबर आली नाही.

"पळाली," एका मुळ्यानं लिहिलं.

"सासूनं त्याच मडक्यात पुरली असेल. सकाळी धुऊन काढतील."

"गप्प बसा रे," खिळा म्हणाला. "ती म्हणालीय ना येते. राखण."

राखण हा आमच्याकडचा शब्द. सांगण्यासारखं काही नसतं, तरी धागा खाली जाऊ नये म्हणून कुणीतरी येतं, 'राखण' एवढंच लिहितं आणि जातं. मी तोवर या शब्दाला फार किंमत दिली नव्हती. मला मांजरं आवडायची. पण त्या दिवसांत कामावरून आलेला कुणी, मुलांना झोपवून बसलेली कुणी, सगळे यायचे आणि तो एक शब्द ठेवून जायचे. त्यांना माझ्याकडून काहीच मिळत नव्हतं. कोकुरातली एक सून, जिचं नाव माहीत नाही, तिच्या सासूनं काय म्हटलं एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मला त्यांच्याबद्दल फार प्रेम वाटलं. हे मी कधी सांगू शकलो नाही, म्हणून आता सांगतो.

पण जागा संपत चालली. नऊशे ओलांडले तशी सगळ्यांना जाग आली. "मांजरं कुणी काढली होती? त्यांच्या जागी महिनाभर राखण झाली असती." तिघांच्या आवाजात भांडणारे गृहस्थ एकाच आवाजात म्हणाले, "माफ करा." मग मुळ्यांनी आपसांत ठरवलं, दिवसाला एकच राखण. कुणी चुकून दुसरी लिहिली की त्याला शिव्या द्यायचाही सगळ्यांना मोह व्हायचा, पण शिवीला जागा लागते. एवढा सभ्य विभाग मी ना आधी पाहिला, ना नंतर.

आणखी एक रीत सांगायला हवी. हजारावी नोंद ज्याला मिळते तो इच्छा मागतो. 'हजार मला मिळाला तर पगार वाढो', 'हजार मला मिळाला तर बायको परत येवो'. त्या एका जागेसाठी आमचे लोक एकमेकांना तुडवतात. चांगले पोक्त लोक एका क्षणात पाचपाच नोंदी टाकतात.

नऊशे नव्व्याण्णवावी नोंद खिळ्यानं लिहिली. "राखण. पुढची जागा तिची आहे. दुसऱ्या कुणी घेतली तर त्याच्या मडक्यात अळ्या पडोत."

आणि सगळे थांबले. लिहायला कुणाचाही हात शिवशिवला असता, पण कुणी लिहिलं नाही. मी मात्र घाबरलो. आता राखण करायलाही जागा नव्हती. वाफवलेल्या भोपळ्याचा एक धागा माझ्या वर गेला, मग सुक्या माशांचा, मग कुणाच्या तरी फुटलेल्या बरणीचा. मी तळाशी आलो. लोक येऊन मला वाचून जात होते, तेवढं कळत होतं. माझ्या खाली शेवटचे दोन धागे उरले होते तेव्हा ती आली.

"एक नंबर आहे. माफ करा. सासूबाईंना न्यूमोनिया झाला. मी हॉस्पिटलातच राहत होते, मडकं नवरा ढवळत होता. काल त्या घरी आल्या. कोटसुद्धा न काढता बाही सरसावली आणि मडक्यात हात घातला. बराच वेळ बाहेरच काढला नाही. मग म्हणाल्या, 'हा माझा कोंडा नाही. कुणाकुणाचा हात लागलाय याला?' मी सगळं सांगून टाकलं. मरायला टेकलं होतं, मी रोज खोटं बोलले, आणि अनोळखी लोकांनी वाचवलं. त्यांनी विचारलं, 'कोण लोक?' मी म्हटलं, नावं माहीत नाहीत, सगळे मुळे आहेत. त्यांनी हात धुतला आणि म्हणाल्या, 'बरं. किती आहेत? काकड्या किती घालू?'"

ती हजारावी नोंद. इच्छा मागायची राहूनच गेली. ती नोंद होताच मी वाचनमात्र झालो. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मुळ्यांना जागाच उरली नाही.

आता मी जुन्या धाग्यांच्या कोठारात आहे. कधीतरी कुणाचं मडकं बिघडतं, तो शोधत येतो, अंड्याच्या कवचाचं भांडण वाचून हसतो आणि जातो. मला कसली तक्रार नाही. फक्त ते उत्तर राहिलंय. नावं मलाही ठाऊक नाहीत, पण माणसं किती होती ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. माहेरची गाडी बघ म्हणणारा धरला, मांजर काढणारा धरला, तिघांच्या आवाजातले गृहस्थ एकच धरले, आणि नुसतं 'राखण' लिहून गेलेले तर सगळेच धरले.

सासूबाई, सदतीस घाला.